नोकरी गेली, पण पोस्टपेडचं बिल आणि फोनचा हप्ता चालूच आहे : कुठून सुरुवात करायची?

नोकरी गेल्याच्या आठवड्यात घरभाडं, किराणा, मुलांची फी, गाडीचा हप्ता यांचा हिशोब सगळेच मांडतात. मोबाईल त्या यादीत शेवटी असतो, नाहीतर नसतोच. सातशे-हजार रुपयांनी काय होणार, असं वाटतं. होतं असं की त्या सातशे-हजारामागे फॅमिली प्लॅनवरचे आई-बाबांचे नंबर असतात, फोनचा तीन हजारांचा हप्ता असतो आणि सगळ्या बँकांचे ओटीपी ज्या नंबरवर येतात तो नंबरही असतो. म्हणून मोबाईलला रकमेच्या हिशोबाने नव्हे, तर घाईच्या हिशोबाने वर घ्या. इथली बरीच कामं पहिल्या पंधरा दिवसांत फुकटात होतात. नंतर त्याच कामांना दंड, फोनाफोनी आणि मनस्ताप लागतो.

हे लिहिताना डोळ्यासमोर पहिल्यांदाच या परिस्थितीत सापडलेला माणूस आहे: हिंजवडीतला, चाकणमधला, एखाद्या शोरूममधला, कुठलाही. दोन वर्षांपूर्वी पगाराच्या भरवशावर पोस्टपेड घेतलं, दिवाळीत हप्त्यावर फोन घेतला, आणि आता पगार थांबलाय.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

‘मोबाईलचा खर्च’ असं आपण एकत्र म्हणतो, पण त्यात तीन वेगळी प्रकरणं आहेत: नंबर, प्लॅन आणि हँडसेट. नंबर तुमचा आहे, तो कंपनी बदलली तरी तुमच्याकडे राहतो. प्लॅन टेलिकॉम कंपनीचा. आणि हँडसेटचा हप्ता बहुतेक वेळा तिसऱ्याच कोणाचा तरी असतो: फायनान्स कंपनीचा किंवा क्रेडिट कार्डाच्या बँकेचा.

लंडनला राहणारा मावसभाऊ तुम्हाला वेगळाच सल्ला देईल, कारण तिकडे फोन आणि प्लॅन मिळून चोवीस महिन्यांचा एकच करार असणं नेहमीचं आहे. तो मधेच मोडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागतात. आपल्याकडे साध्या पोस्टपेडला असा बांधून ठेवणारा करार सहसा नसतो. चालू बिल भरा आणि मोकळे व्हा. पण याची दुसरी बाजूही आहे. सिम बंद केलं म्हणून फोनचा हप्ता थांबत नाही, आणि फोन विकला म्हणून पोस्टपेडचं बिल थांबत नाही. दोन्हीकडे वेगवेगळं बोलावं लागतं.

एक कागद घ्या आणि लिहा: पोस्टपेडची बिल तारीख, भरायची शेवटची तारीख, प्लॅनवर किती नंबर आहेत, हप्ता कोणाचा, कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून कापला जातो, किती हप्ते उरलेत. हप्ता नेमका कोणाचा हे आठवत नसेल तर दुकानदाराला विचारत बसू नका. दर महिन्याला पैसे कापल्याचा जो मेसेज येतो त्यात नाव असतं.

नंबर ऑफिसचा असेल तर आजच हलवा

हे सगळ्यात तातडीचं. अनेकांचा रोजचा नंबर ऑफिसने दिलेला, म्हणजे कॉर्पोरेट खात्यावरचा असतो. सहा-सात वर्षं तोच वापरला, त्यावर बँक, आधार, पीएफ, गॅस, शाळेचा ग्रुप सगळं जोडलं. नोंदीत मात्र मालक म्हणून कंपनीचं नाव आहे. तुम्ही बाहेर पडलात की कंपनी तो नंबर बंद करू शकते किंवा तुमच्या जागी आलेल्या माणसाला देऊ शकते.

शेवटच्या दिवसाच्या आधी एचआरकडे किंवा ॲडमिनकडे लेखी मागणी करा: “हा नंबर माझ्या वैयक्तिक नावावर करण्यासाठी ना-हरकत पत्र द्यावे.” त्याच टेलिकॉम कंपनीत नाव बदलून घ्यायचं असो की दुसरीकडे पोर्ट मारायचं (तोच नंबर दुसऱ्या टेलिकॉम कंपनीत न्यायचा) असो, कॉर्पोरेट नंबरला कंपनीचं अधिकारपत्र लागतंच. लॅपटॉप परत करताना, फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरीच्या शेवटच्या हिशोबाच्या, कागदांवर सही करताना हे पत्र हातात घ्या. नंतर एचआरमधला तो माणूसही तिथे असेल की नाही सांगता येत नाही.

पत्र मिळणार नसेल तर नंबर गेला असं समजा. मग तो चालू आहे तोवर, त्यावरचा शेवटचा ओटीपी वापरून, बँक खाती, आधार, पीएफचा यूएएन (खात्याचा क्रमांक) आणि ईमेल स्वतःच्या दुसऱ्या नंबरवर घ्या. आधारचा नंबर बदलायला आधार केंद्रावर जावं लागलं तर जा, पण टाळू नका. पीएफचे पैसे ऑनलाइन काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो, आणि बेकारीत तेच पैसे पहिल्यांदा आठवतात.

नंबर तुमच्याच नावावर असेल तर हा भाग सोडा आणि पुढे चला.

पोस्टपेड खाली आणा

५४९ रुपयांचा पोस्टपेड प्लॅन प्रत्यक्षात ५४९चा नसतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ६४८ होतात. ११९९चा फॅमिली प्लॅन १४१५ला पडतो. मग त्यात अधूनमधून एखादी व्हॅल्यू ॲडेड सेवा, कधी काळी घेतलेलं फोनचं संरक्षण कवच, ओटीटीचं पॅकेज. पहिल्यांदा शेवटची तीन बिलं ॲपवरून डाउनलोड करा आणि प्लॅनच्या भाड्याखाली आणखी काय काय लावलंय ते पाहा.

त्यानंतर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली, त्याच कंपनीत पोस्टपेडवरून प्रीपेडवर जाणं. दूरसंचार विभागाने सप्टेंबर २०२१पासून हे ओटीपीवर करायला परवानगी दिली आहे, त्यामुळे पुन्हा कागदपत्रांचा सगळा खेळ लागत नाही. कंपनीच्या ॲपवर पर्याय सापडला नाही तर सरळ गॅलरीत जा. तिथे काउंटरवरची मुलगी आधी तुम्हाला स्वस्तातला पोस्टपेड दाखवेल, कारण तिला तेच सांगितलेलं असतं. “नको, प्रीपेडच करा, आणि सिम बदलावं लागेल का ते सांगा” एवढं बोला. एक लक्षात ठेवा, प्रीपेडवर गेल्यावर मन बदललं म्हणून दुसऱ्या दिवशी परत पोस्टपेडवर येता येत नाही, मधे थांबावं लागतं.

दुसरी, पोर्ट. इंग्रजी मोठ्या अक्षरांत PORT असं लिहून, एक जागा सोडून स्वतःचा दहा आकडी नंबर लिहायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉमच्या एकाच विभागात, कामाचे तीन दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून असेल तर पाच. मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं. ठाण्यात घेतलेला नंबर घेऊन सांगलीला परत गेलेल्यांना हे दोन दिवस जास्त लागतात, एवढाच फरक.

पोर्टचा कोड मुख्यतः दोन कारणांनी नाकारला जातो. नंबर सध्याच्या कंपनीत येऊन ९० दिवस झाले नसतील तर, आणि पोस्टपेडचं बिल शेवटची तारीख उलटूनही भरलेलं नसेल तर. हे दुसरं कारण महत्त्वाचं. “बिल थकवतो आणि पोर्ट मारून निघून जातो” हे चालत नाही. निघून गेल्यावर मागच्या कंपनीचं शेवटचं बिल येतं तेही भरायचं असतं. नाही भरलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीमार्फत तुमचा नंबर बंद करायला लावू शकते. म्हणून क्रम असा: चालू बिल भरा, मग कोड मागवा, मग शेवटचं अर्धवट बिल आलं की तेही भरून पावती जपून ठेवा. पोस्टपेड घेताना अनामत भरली असेल तर ती परत मागा. न मागता आपोआप येईल या भरवशावर राहू नका.

फॅमिली प्लॅन असेल तर मुख्य नंबर हलवण्याआधी जोडलेल्या नंबरांचं काय होतंय ते विचारा. मुख्य नंबर गेला की बाकीचे लटकतात. प्रत्येक नंबरचं स्वतंत्र प्रीपेड करावं लागेल, आणि तेव्हा घरी सांगावंच लागेल की नोकरी गेली आहे. इथे बरेच जण अडतात. वडिलांना कळू नये म्हणून चौदाशेचा प्लॅन चार महिने ओढत नेतात. मला विचाराल तर बाबांचा फोन एका सकाळी अचानक बंद पडून त्यांना कळण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं केव्हाही बरं.

किती रुपयांचं रिचार्ज पुरे?

जुलै २०२४मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांनीही दर वाढवले, तेव्हापासून प्रीपेडही पूर्वीसारखं स्वस्त राहिलेलं नाही. पण डिसेंबर २०२४मध्ये टेलिकॉम नियामक ट्रायने नियम केला की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवावे लागतील. जानेवारी २०२५मध्ये ते आले. सुरुवातीची फेरफार झाल्यावर जिओचा ८४ दिवसांचा ४४८ला आणि एअरटेलचा ४६९ला मिळू लागला. महिन्याला साधारण १६०-१७० रुपये. दर बदलत राहतात, तेव्हा आजचा आकडा कंपनीच्याच ॲपवर पाहा. हे प्लॅन पहिल्या पानावर दिसत नाहीत, ‘व्हॅल्यू’ किंवा ‘फक्त कॉल’ अशा कप्प्यात खाली शोधावे लागतात. आई-बाबांच्या नंबरांना हेच लावा.

स्वतःच्या नंबरला मात्र डेटा सोडू नका. नोकरी शोधताना मुलाखतीचा फोन, व्हिडिओ कॉल, मेल यावरच सगळं आहे. घरी वायफाय असेल तर रोज दीड जीबीचा प्लॅन लागणार नाही, नसेल तर इतर कशात तरी काटकसर करा. बीएसएनएल स्वस्त पडतं हे खरं, पण आधी शेजारच्या कोणाच्या तरी बीएसएनएल फोनला तुमच्या खोलीत रेंज येते का ते बघा. मुलाखतीत “हॅलो, आवाज येतोय का” करत बसायची वेळ नको.

दुसरा, फारसा न वापरला जाणारा नंबर असेल तर त्याबद्दल एक नियम कामाचा आहे. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर काढून घेता येतो. पण त्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस राखून ठेवावा लागतो. लोक याचा अर्थ असा काढतात की वीस रुपयांत फोन चालू राहतो. तसं नाही. व्हॅलिडिटी संपली की आउटगोइंग लगेच आणि इनकमिंग काही दिवसांत थांबतं. नियम नंबर राखण्याचा आहे, सेवा देण्याचा नाही. ज्या नंबरवर ओटीपी येतात तो या भरवशावर सोडू नका.

आणि यूपीआय ॲपमधलं ऑटोपेचं पान एकदा उघडा. कुठल्या कुठल्या ॲपला दर महिन्याला १४९, १९९ जातायत ते तिथे दिसतं. ते जागच्या जागी बंद करता येतं.

फोनचा हप्ता: इथे खरा वेळ द्या

पोस्टपेड थकलं तर नंबर जातो. हप्ता थकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, जातं, आणि ते परत यायला वर्षं लागतात. फोनचं कर्ज छोटं म्हणून क्रेडिट रिपोर्टमध्ये त्याची वेगळी, सौम्य नोंद होत नाही. वीस लाखांच्या गृहकर्जाचा हप्ता चुकणं आणि फोनचा २१०० रुपयांचा हप्ता चुकणं, दोन्हीकडे ‘इतके दिवस थकीत’ असंच दिसतं. बँका आणि वित्त कंपन्या नोकरी देतानाही उमेदवाराचा रिपोर्ट पाहतात, तेव्हा त्या क्षेत्रात अर्ज करणाऱ्यांनी तर फारच सांभाळावं.

आता हप्ता बाउन्स झाल्यावर काय होतं ते आकड्यांत बघू. समजा ३००० रुपयांचा हप्ता पाच तारखेला मँडेटने (खात्यातून आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीने) कापला जातो आणि खात्यात २४०० आहेत. २४०० कापून उरलेले सहाशे नंतर, असं होत नाही. सगळाच हप्ता परत जातो. तुमची बँक समजा ५०० रुपये दंड लावते, त्यावर जीएसटी धरून ५९०. फायनान्स कंपनी चार-पाच दिवसांनी पुन्हा मँडेट लावते, पुन्हा परत जातं, पुन्हा ५९०. बँकेचेच ११८० झाले. फायनान्स कंपनीचा बाउन्स चार्ज आणि उशिराचा दंड वेगळा. सहाशे रुपये कमी पडले म्हणून दीड-दोन हजार गेले. आणि खातं पगाराचं असेल तर आणखी एक गोष्ट: काही महिने पगार जमा झाला नाही की बँक त्याचं साधं बचत खातं करते आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड सुरू होऊ शकतो.

म्हणून हप्त्याच्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच फायनान्स कंपनीशी बोला. एकही हप्ता न चुकवलेल्या ग्राहकाचं ऐकून घेतात, दोन बाउन्स झालेल्याला वसुली विभागाकडे ढकलतात. फोन करा, पण फोनवर थांबू नका, मेल करा. मजकूर साधा असावा:

“माझ्या कर्ज खाते क्रमांक ——— चे आजपर्यंतचे सर्व हप्ते वेळेवर भरले आहेत. दिनांक ——— रोजी माझी नोकरी गेली असून कंपनीचे पत्र सोबत जोडले आहे. पुढील हप्ता पूर्ण भरणे मला शक्य नाही. कृपया कर्जाची मुदत वाढवून हप्ता रु. ——— पर्यंत कमी करावा, किंवा पुढील दोन हप्ते शेवटी घ्यावेत. मी दरमहा रु. ——— भरू शकतो. तसेच आज कर्ज पूर्ण बंद करायचे झाल्यास किती रक्कम लागेल त्याचे पत्रक पाठवावे. निर्णय होईपर्यंत मँडेट लावू नये ही विनंती.”

‘मी इतके भरू शकतो’ हे वाक्य गाळू नका. नुसती अडचण सांगणाऱ्या मेलला छापील उत्तर येतं, आकडा दिला की तो कोणाच्या तरी टेबलावर जातो. ते मान्य करतीलच असं नाही, त्यांच्यावर तशी सक्ती नाही. पण मेलची तारीख पुढे तक्रार करताना तुमच्या बाजूने उभी राहते. हप्ता पुढे ढकलला तर त्या काळाचं व्याज लागणार का आणि सिबिलला काय कळवणार, हे दोन प्रश्न लेखी विचारून घ्या.

क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर प्रकरण जास्त तापतं. तो हप्ता त्या महिन्याच्या बिलात मिसळतो. बिल पूर्ण भरलं नाही की उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, आणि नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरत राहणं म्हणजे सुटका नाही. अशा वेळी कार्ड वापरणं थांबवा आणि बँकेला सांगा की संपूर्ण थकबाकीचे ठरावीक मुदतीचे हप्ते करून द्या.

फोन विकावा का? हा प्रश्न भावनेने नाही, दोन आकड्यांनी सोडवायचा. समजा ३६,००० चा फोन बारा हप्त्यांवर घेतला, पाच भरले, सात उरले, म्हणजे २१,००० बाकी. दोन-तीन ठिकाणी जुन्या फोनचा भाव काढा. भाव २१,००० च्या जवळ असेल तर कर्ज बंद करण्याचं पत्रक मागवा, फुल अँड फायनलच्या पैशातून कर्ज फेडा, ना-देय पत्र घ्या आणि मग फोन विका. या क्रमात बदल नको. कर्ज चालू असताना फोन विकायला करारात बहुतेक वेळा मनाई असते, आणि काही कंपन्या हप्त्यावरच्या फोनमध्ये लॉक करणारं ॲप टाकून ठेवतात. असा फोन विकत घेणारा तुमच्या दारात येईल. भाव बारा-तेरा हजारच येत असेल तर विकून काही साधत नाही, तोच वापरा.

वसुलीचे फोन यायला लागले तर

घाबरवण्याची भाषा ठरलेली असते: पोलीस पाठवू, घरी माणसं पाठवू, तुमच्या सासऱ्यांना सांगू. रिझर्व बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी स्पष्ट केलं आहे की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही आणि नातेवाईक, मित्र, संदर्भ म्हणून दिलेल्या लोकांना त्रास द्यायचा नाही. एजंट तुमचा नसून कर्ज देणाऱ्याचा आहे, आणि त्याच्या वागण्याची जबाबदारीही कर्ज देणाऱ्यावरच.

फोन उचला. नाव, एजन्सीचं नाव विचारा, कॉल रेकॉर्ड करा, आणि शांतपणे सांगा: “मी अमुक तारखेला कंपनीला मेल केला आहे, त्याचं उत्तर द्या.” दारात कोणी आलं तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा. एजंटच्या खाजगी यूपीआयवर एक रुपयाही भरू नका. कंपनीच्या ॲपवर किंवा तिच्या नावाच्या खात्यावरच भरा, नाहीतर पैसे गेले तरी हप्ता थकलेलाच राहतो.

पोलिसांबद्दल खरं काय ते सांगतो. निव्वळ कर्ज फेडता न येणं हा दिवाणी मामला आहे. पण मँडेट बाउन्स होणं हे २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५खाली चेक बाउन्ससारखंच गुन्ह्यात मोडू शकतं. त्यासाठी कायदेशीर नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग कोर्टात तक्रार असा रस्ता आहे. फोनवरच्या धमकीला भिऊ नका, रजिस्टर पोस्टाने आलेली नोटीस मात्र टेबलाच्या खणात टाकू नका. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. मोफत वकील कोणाला मिळतो हे उत्पन्न आणि इतर निकषांवर ठरतं, पण सल्ला मागायला कोणी अडवत नाही.

लोक अदालतीची नोटीस वेगळी. टेलिफोनची थकबाकी, महावितरणची थकबाकी, छोटी कर्जं अशी खटला भरण्याआधीची प्रकरणं तिथे ठेवतात. लिफाफ्यावर न्यायालयाचं नाव पाहून घरात रडारड होते, प्रत्यक्षात ती तडजोडीची जागा आहे. जमलं तर जा. दंड वगळून मुद्दल, तेही दोन-तीन टप्प्यांत, अशी मागणी करा. पटलं नाही तर सही करू नका, कारण तिथल्या तडजोडीविरुद्ध अपील नसतं.

एजंट ‘सेटलमेंट’ सुचवतो, म्हणजे दहा हजारांऐवजी सहा हजारांत मिटवा. मोह होतो. पण रिपोर्टमध्ये ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते, आणि पुढच्या वेळी घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँकवाला आधी त्याच ओळीवर बोट ठेवतो. फोनच्या कर्जाइतक्या छोट्या रकमेसाठी तरी माझं मत असं की दंड माफ करून घ्या, मुद्दल पूर्ण भरा. २०२३च्या नियमाने उशिराच्या दंडावर पुन्हा व्याज लावायला मनाई आहे, त्यामुळे हिशोबाचं पत्रक मागितलं की बरेचदा काही रक्कम तिथेच गळते.

तक्रार कुठे करायची

टेलिकॉमची तक्रार ट्रायकडे पाठवून उपयोग नाही, ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. नाही सुटलं तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करा, त्याला पैसे पडत नाहीत. बंद केलेल्या पोस्टपेडचं बिल येतच राहतं, ही यातली नेहमीची तक्रार. बंद करण्याची विनंती केल्याचा क्रमांक असेल तर ती लवकर मिटते. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमची प्रकरणं ग्राहक आयोगात चालत नाहीत, असं कंपन्या पूर्वी म्हणायच्या. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या एका प्रकरणात तो मुद्दा मिटवला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

फायनान्स कंपनी किंवा बँकेविरुद्ध आधी त्यांच्याच तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे, तिच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर. माहितीसाठी १४४४८. तेही मोफत.

हे करू नका

हप्ता भरायला पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपकडून पैसे घेऊ नका. तीन हजारांच्या अडचणीची महिन्याभरात पंधरा हजारांची होते, वर फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट त्यांच्या हातात. गूगलवर शोधून सापडलेल्या कस्टमर केअर नंबरला फोन करू नका, नंबर बिलावरचा किंवा ॲपमधला घ्या. ‘तुमचं सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. बँकेत जाऊन नुसतं मँडेट रद्द करून गप्प बसू नका, त्याने बाउन्सचा दंड वाचतो पण हप्ता थकीत राहतोच. रद्द करायचंच असेल तर त्या तारखेला ठरलेली रक्कम ॲपवरून स्वतः भरा.

कर्ज संपल्यावर

शेवटचा हप्ता गेला की ना-देय पत्र मेलवर मागवा. महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. त्यात ते खातं ‘बंद’ दिसतंय का, बाकी शून्य आहे का, आणि जो महिना तुम्ही लेखी सवलतीने पुढे ढकलला होता तो थकीत म्हणून लागलाय का ते पाहा. लागला असेल तर तो जुना मेल जोडून त्याच संस्थेच्या वेबसाइटवर हरकत नोंदवा. चारही रिपोर्ट एकाच दिवशी काढायची गरज नाही, दर तीन महिन्यांनी एक काढलात तर वर्षभर नजर राहते.